वाचकांचे प्रश्न : जेवणाच्या टेबलाचा वरचा थर

जेवणाचे टेबल कोणत्या पदार्थाचे घ्यावे आणि घेतलेले टेबल कसे राखावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही घरात सहा जण आहोत आणि नव्या फ्लॅटसाठी टेबल घ्यायचे आहे. सागवान, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ आणि सनमायका असे सगळे पाहून झाले. प्रत्येक दुकानदार आपलाच माल उत्तम असल्याचे सांगतो. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी होतो आणि कुकर, कढई बहुधा थेट टेबलावरच येतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुकानदार ज्या नावाने टेबल विकतो ते नाव आतल्या पदार्थाचे असते; आपले ताट मात्र सर्वांत वरच्या थरावर टेकते. सागवानी टेबलावर आपण जेवतो ते पॉलिशवर आणि प्लायच्या टेबलावर जेवतो ते सनमायकावर. क्वार्ट्झ म्हणून जो दगड मिळतो त्यात दगडाच्या चुऱ्याला बांधून ठेवणारी राळ असते आणि उष्णतेने प्रथम बिघडते ती राळच. म्हणून ‘लाकूड की दगड’ असे विचारण्याआधी त्या वरच्या थराला आपल्या घरातील उष्णता, आंबट पदार्थ, पाणी आणि हळदीचे तेल हे चार त्रास कितपत सोसतील, असे विचारावे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. कुकरच्या आतील तापमान शिट्टीच्या वेळी सुमारे 120 अंश सेल्सिअस असते, आणि फोडणी करून नुकतीच उतरवलेली कढई याहूनही बरीच तापलेली असते. लाखेचे जुने पॉलिश 80 अंशांच्या आतच मऊ पडते. पॉलियुरेथेनचे, म्हणजे सुतार ज्याला पीयू म्हणतात ते पॉलिश त्याहून अधिक सोसते, पण कढईचा तापलेला बूड त्यावर ठेवण्याची मुभा तेही देत नाही. सनमायकाचा पत्रा स्वतः बऱ्यापैकी उष्णता सहन करतो. तथापि त्याखालचा पांढरा गोंद उष्णतेने सैल होतो आणि भांड्याच्या आकाराचा फुगवटा येतो, जो पुन्हा दाबून बसवला तरी फार काळ टिकत नाही. क्वार्ट्झमधील राळ 150 अंशांच्या आसपास पिवळी पडू लागते आणि तो डाग निघत नाही. ग्रॅनाइट आणि सिंटर्ड स्टोन, म्हणजे खनिजांची पूड दाबून केलेला दगड, यांना मात्र कढईची फारशी भीती नाही. सिंटर्ड स्टोन सुमारे 1200 अंशांवर भाजून तयार होतो. त्याचा दोष उष्णतेशी संबंधित नसून त्याच्या कडेशी आहे, कारण जड पातेले कडेवर आपटले तर टवका उडतो आणि तो बेमालूम भरता येत नाही.

तेव्हा कुकर थेट ठेवण्याची सवय घरात कोणीच बदलणार नसेल, तर ग्रॅनाइट घ्यावा. फक्त त्याच्या वजनाचा विचार आधी करावा. माणशी 60 सेंटीमीटर रुंदी धरून लांब बाजूंना दोघे-दोघे आणि टोकांना एकेक बसवले तर सहा जणांना 150 बाय 90 सेंटीमीटरचे टेबल लागते, आणि तेवढ्या 18 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन 65 किलोच्या आसपास भरते. खालचा सांगाडा मध्येही आधार देणारा असला पाहिजे. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून मधला भाग अधांतरी सोडणे धोक्याचे आहे, कारण दगड दाब सोसतो, वाकणे सोसत नाही.

परंतु घरातील मंडळी भांड्याखाली चुंबळ किंवा लाकडी जाळी ठेवायला तयार असतील, तर माझी पसंती पीयू पॉलिश केलेल्या सागवानाला आहे आणि त्याचे कारण केवळ दिसणे नाही. लाकडाचा पृष्ठभाग दहा-पंधरा वर्षांनी खरवडून, घासून पुन्हा नवा करता येतो. सनमायका, क्वार्ट्झ आणि सिंटर्ड स्टोन यांच्या बाबतीत घरच्या घरी तशी सोय नाही. तिथे बिघडलेला टॉप बहुधा बदलावाच लागतो. सागवानाचा खर्च झेपणारा नसेल तर चांगल्या प्लायवर 1 मिलिमीटर सनमायका आणि चारही बाजूंनी सागवानी पट्टी, ही जोडणी रोजच्या वापराला अत्यंत प्रामाणिक आहे. प्लायवर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्यावा. तो पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने बांधलेल्या प्लायचा आहे.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातील सागवानी टेबल आहे. त्यावर पांढरी वर्तुळे उमटली आहेत आणि लोखंडी तवा ठेवलेल्या जागी काळा डाग पडला आहे. शिवाय मधल्या जोडावर एक फट आहे. ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटते. सुतार म्हणतो की फट लांबीने (पुट्टीने) भरून खालून लोखंडी पट्टी मारू. तसे करावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पट्टी मारू देऊ नका. बाकीचे दोन्ही डाग निघण्यासारखे आहेत, पण त्या पट्टीने टेबलाचे कायमचे नुकसान होईल.

लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. ही हालचाल रेषांच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होत नाही. रेषांना आडवी, म्हणजे फळीच्या रुंदीत होते. कोकणातील पावसाळा आणि मार्च-एप्रिलमधील कोरडे दिवस यांत रुंद टेबलाचा टॉप काही मिलिमीटरने फुगतो आणि आकसतो. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलते, म्हणूनच ते टेबलाला चांगले. पण ते मुळीच हलत नाही असे नाही. आपली फट ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते, याचा अर्थ लाकूड निरोगी आहे आणि त्याला हलायला तेवढीच जागा उरली आहे. उन्हाळ्यात ती जागा कडक लांबीने भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळ्यांना जाण्यासाठी वाट राहणार नाही. टॉप वर उचलला जाईल किंवा दुसऱ्याच ठिकाणी तडकेल. लोखंडी पट्टी तर फुगणे आणि आकसणे दोन्ही अडवते.

सुताराला टेबल उलटे करून सांगाड्याला टॉप कसा जोडला आहे ते पाहायला सांगा. बहुतेक वेळा कोणीतरी दुरुस्ती करताना चहूबाजूंनी स्क्रू पक्के आवळलेले असतात आणि फटीचे मूळ तेथेच असते. स्क्रूची भोके रेषांना आडव्या दिशेने थोडी लांबट करून घ्यावीत, किंवा सांगाड्यात खाच पाडून त्यात सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी टॉप धरावा. गुटके टॉपला उचलू देत नाहीत, पण सरकू देतात. त्याच वेळी खालच्या बाजूलाही पॉलिशचा हात द्यावा. वरची बाजू पॉलिश केलेली आणि खालची कोरी असली, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळीला बाक येतो. जुन्या टेबलांची खालची बाजू कोरी ठेवण्याची पद्धत आहे. ती मोडण्यात काही गैर नाही.

आता डाग. पांढरे वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. ती लाकडापर्यंत गेलेली नाही. वर्तुळावर कोरडे सुती कापड दुहेरी घडी करून ठेवावे आणि त्यावरून कोमट इस्त्री, वाफ बंद करून, एका वेळी काही सेकंदच फिरवावी. मग कापड उचलून पाहावे. ओल बाहेर पडली की पांढरेपणा जातो. घाई करून इस्त्री तापवली तर पॉलिश कापडाला चिकटेल. हे करण्यापूर्वी आपले पॉलिश कोणते आहे ते ओळखावे. टेबलाच्या खालच्या किंवा पायाच्या आतल्या पॉलिश केलेल्या जागी सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभराने बोट लावावे. चिकट लागले तर ते लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. आजोबांच्या काळातील टेबलावर तेच असण्याची शक्यता अधिक. असे टेबल हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरपासून आणि अत्तरापासून दूर ठेवावे, कारण त्यांतील अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

काळा डाग वेगळा आहे. तव्याचे लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो, आणि तो लाकडाच्या आत असतो. त्यासाठी त्या भागाचे पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचे पाण्यातील द्रावण लावावे लागते. ते विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा वापरावा, मुलांना दूर ठेवावे, डाग गेल्यावर ती जागा स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा पुसावी आणि पूर्ण धुवून वाळल्याखेरीज पॉलिश पेपर मारू नये, कारण उरलेल्या आम्लाची धूळ नाका-घशाला झोंबते. हे काम अनुभवी पॉलिशवाल्याकडून करून घेणे बरे.

पॉलिशचे सगळे काम दिवाळीनंतर काढावे. दमट हवेत लाखेच्या पॉलिशमधील स्पिरिट उडताना थरावर ओल धरते आणि पांढुरकी झाक येते. कोणी जवसाच्या तेलाचा हात द्यायचे सुचवले तर तेही चालेल, मात्र तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते, आणि घडीत कोंडलेली ती उष्णता फडके आपोआप पेटवू शकते. फडकी पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

प्रश्न : पांढऱ्या संगमरवराचा टॉप हौसेने बसवला. रविवारी रश्श्याचा बेत असतो, लिंबाच्या फोडी टेबलावरच ठेवल्या जातात. आता जागोजागी चमक गेलेली वर्तुळे दिसतात आणि पुसून जात नाहीत. विक्रेता म्हणतो की सीलर लावला की प्रश्न मिटेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सीलरने प्रश्न मिटणार नाही. आपण ज्याला डाग समजत आहात तो डाग नसून दगडाचा झिजलेला भाग आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो यांतील आम्ल त्याच्याशी लागलीच क्रिया करते आणि पॉलिश केलेला पातळ थर खाऊन टाकते. सीलर दगडाच्या छिद्रांत शिरून तेल-हळद आत मुरू देत नाही, एवढेच त्याचे काम. पृष्ठभागावर होणारी आम्लाची क्रिया तो थांबवत नाही. तो लावावा, पण हळदीसाठी लावावा.

चमक परत आणायची तर संगमरवर पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून पूर्ण टॉप पुन्हा घासून घ्यावा लागेल. माझा सल्ला असा, की या वेळी आरशासारखे पॉलिश न करता मंद, चमक नसलेला पृष्ठभाग ठेवून घ्यावा. लिंबाचा परिणाम त्यावरही होतो, पण भोवती चमक नसल्याने तो नजरेत भरत नाही. ज्या घरात लिंबाशिवाय रविवार होत नाही, त्या घरात चकचकीत संगमरवर सतत जपावा लागतो, आणि जपणुकीचा तो भार पाहुण्यांवरही पडतो. सफाईसाठी व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचे घरगुती उपाय या दगडावर कधीही करू नयेत; पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेसे आहेत.

या निमित्ताने इतरांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे ओट्याला वापरला जाणारा काळा कडप्पा आणि फरशीचा कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि त्यांच्यावरही आंबटाचा हाच परिणाम होतो. काळा दगड दिसला की ग्रॅनाइट समजून घेणारे पुष्कळ असतात. विकत घेण्यापूर्वी नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटांनी धुवावेत. बारीक बुडबुडे आले किंवा चमक गेली, तर तो दगड जेवणाच्या टेबलासाठी नाही.

प्रश्न : पांढऱ्या मॅट सनमायकाच्या टेबलावर हळदीचे पिवळे डाग राहतात. साबण लावला की ते लालसर होतात. कडेला सनमायका उचकटून आतले लाकूडही फुगले आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लाल रंगाने घाबरू नका. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी साबणात लालसर होते, आणि साबण धुतला गेला की पुन्हा पिवळे दिसते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते; म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने डाग पसरतो. आधी कापसावर थोडे गोडे तेल घेऊन डाग टिपावा, मग साबणाच्या पाण्याने तेल पुसावे, आणि तरीही पिवळी छटा राहिली तर सर्जिकल स्पिरिट लावलेला कापूस फिरवावा. स्पिरिट सनमायकाला चालते. पॉलिश केलेल्या लाकडाला चालत नाही, हे पुन्हा सांगतो, म्हणजे आपल्या टेबलाला लाकडी पट्टी असेल तर तिला ते लागू देऊ नये. उरलेले काम ऊन करते. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, त्यामुळे खिडकीजवळ टेबल सरकवून काही दिवस ऊन लागू दिले की छटा फिकी होत जाते. घासणीने खरवडल्यास मेलामाइनचा वरचा पातळ थर जाईल आणि त्यानंतर प्रत्येक डाग खोलवर बसेल.

कडेचे दुखणे अधिक गंभीर आहे. आतला पदार्थ फुगला आहे, त्यावरून तो पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, असावा. असा बोर्ड एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. फुगवटा बोटभरच असेल तर सुताराकडून तेवढी कड सरळ कापून, तिथे घट्ट लाकडी पट्टी गोंदाने बसवून, पट्टी आणि सनमायका यांच्यामधली बारीक रेघ भरून घ्यावी. पुढे टेबल पुसताना पिळलेले फडके वापरावे आणि कडेवर पाणी साचू देऊ नये. फरशी पुसतानाही टेबलाचे पाय विसरले जातात; बोर्डाच्या पायांना खालून रबरी किंवा प्लास्टिकच्या टोप्या लावून ते जमिनीपासून थोडे उचलून ठेवावेत.

प्रश्न : येथे इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी आली आहे. आमच्या घरात त्याच दगडाचे जेवणाचे टेबल आहे. त्यावर जेवणे धोक्याचे आहे का? भारतातील माझ्या बहिणीनेही तसलेच टेबल घ्यायचे ठरवले आहे. (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : त्यावर जेवण्यात धोका नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या दगडाचे, म्हणजे वर सांगितलेल्या राळेने बांधलेल्या क्वार्ट्झचे, पत्रे आणि टॉप बनवणे, पुरवणे आणि बसवणे थांबवले, ते कारागिरांसाठी. त्यात सुमारे 90 टक्के किंवा अधिक क्वार्ट्झ असते, आणि कापताना, घासताना उडणारी त्याची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही, आणि तिथे तरुण कामगारांना तो झाल्याचे आढळले. घट्ट बांधलेला, बसवून झालेला टॉप धूळ सोडत नाही. आपण फक्त तो स्वतः कापू, भोक पाडू किंवा घासू नये. काढून टाकायचा झाला तर तेथील नियमांप्रमाणे प्रशिक्षित माणसाकडूनच काढून घ्यावा.

आपल्या बहिणीने दुसरा पदार्थ निवडावा असे मला मनापासून वाटते, आणि हे मत टेबलाच्या टिकाऊपणावरून बनलेले नाही. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असते, जरी बरेच कमी. म्हणून दगड कोणताही घेतला तरी तो कारखान्यात पाण्याच्या धारेखाली कापून आणण्याचा आग्रह धरावा. इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर कोरड्या कटरने कड मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते; तिथे पांढऱ्या धुळीत, बहुधा तोंडाला साधा रुमाल बांधून उभा असलेल्या माणसाचे आयुष्य कमी होत असते. टेबल मागवतानाच मापे अचूक देऊन हे टाळता येते.

प्रश्न : लाकडी टेबलावर काच बसवून घ्यावी की पारदर्शक प्लास्टिक अंथरावे? घरात दोन लहान मुले आहेत आणि कडक केलेली काच आपोआप फुटते असे ऐकले. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काच बसवायची तर टफन्ड काचच घ्यावी. ती 600 अंशांच्या वर तापवून एकदम थंड केलेली असते, त्यामुळे फुटली तर लांब सुऱ्यांऐवजी बोथट बारीक तुकडे होतात. काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांमुळे ती क्वचित आपोआप फुटते हे खरे आहे, पण फुटण्याचे नेहमीचे कारण कडेला किंवा कोपऱ्याला लागलेला मार हे असते. कोपरे गोल आणि कड घासलेली असावी. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप घेताना सुतार आणि काचवाला दोघेही हजर असावेत. लाकडावर काच थेट न ठेवता मधे पारदर्शक रबरी ठिपके ठेवावेत. नाहीतर सांडलेले पाणी मधे कोंडून पॉलिशवर पांढरे चट्टे येतात.

जाड पारदर्शक प्लास्टिक मी लाकडी टेबलासाठी सुचवणार नाही. ते पीव्हीसीचे असते आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू पॉलिशमध्ये उतरतात. पॉलिश चिकट होते आणि उन्हाळ्यात प्लास्टिक उचलताना सोबत निघून येते. मुले मोठी होईपर्यंत टेबल वाचवायचे असेल तर जाड सुती चादर अंथरावी, ती आठवड्यातून एकदा धुवावी, आणि पाणी सांडले की वरून पुसण्यावर न थांबता चादर उचलून खालचे लाकूडही कोरडे करावे. नवे पीयू पॉलिश केले असेल तर ते पुरते कडक व्हायला काही आठवडे लागतात; तोपर्यंत त्यावर चादरही अंथरू नये.